पेंग्विन आणि ऑक: दोन ध्रुवांकडचे काळे-पांढरे पक्षी

स्वालबार्डची क्रूझ ठरवताना ‘पेंग्विन कितव्या दिवशी दिसतील?’ असे विचारणाऱ्या प्रवाशाला हसण्याचे कारण नाही. नॉर्वेच्या उत्तरेकडील त्या द्वीपसमूहात कड्यांवर दाटीवाटीने उभे राहणारे, काळ्या पाठीचे आणि पांढऱ्या पोटाचे पक्षी बोटीतून पाहिले, तर पहिल्या नजरेला पेंग्विनच वाटतात. ते असतात ऑक कुळातले ब्रुनिखचे गिलेमॉट.

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. ‘पेंग्विन’ हे नाव आधी उत्तर अटलांटिकमधल्या थोरल्या ऑकचे होते. सुमारे पाऊण मीटर उंचीच्या, उडता न येणाऱ्या या पक्ष्याची मांस, चरबी आणि पिसांसाठी बेसुमार कत्तल झाली, आणि त्याची शेवटची ज्ञात जोडी १८४४ मध्ये आइसलंडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली. दक्षिणेकडे गेलेल्या खलाशांनी तिथल्या तशाच दिसणाऱ्या पक्ष्यांना तेच नाव दिले होते. पुढे मूळ मालक गेला आणि नाव भाडेकरूकडे राहिले. नात्याने मात्र दोघे दूरचे. ऑक हा कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या कुरवांचा भाऊबंद, तर पेंग्विन अल्बट्रॉस या लांब पंखांच्या समुद्रपक्ष्याच्या जवळचा.

खरा फरक पंखात आहे. पेंग्विनचा पंख वल्ह्यासारखा ताठ झालेला असून तो फक्त पोहण्यासाठी उरला आहे. एम्परर पेंग्विन त्याच्या बळावर पाचशे मीटरहून खोल बुडी मारतो. गिलेमॉट ज्या आखूड पंखांनी पाण्यात शंभर मीटरहून खाली जातो त्यांनीच हवेतही उडतो, त्यामुळे त्याचे उडणे म्हणजे दमछाक करणारी फडफड असते. तरीही त्याला उडणे सोडता येत नाही, कारण जमिनीवर ध्रुवीय कोल्हा टपलेला असतो आणि अंडे घालायला उभ्या कड्याची कपारच लागते. अंटार्क्टिकाच्या जमिनीवर असा चौपाया शिकारी नाही, म्हणून तिथला पेंग्विन सपाट किनाऱ्यावर निर्धास्त घरटे मांडतो.

पाहण्याची रीतही त्यामुळेच बदलते. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या नेको हार्बरसारख्या ठिकाणी नोव्हेंबर ते मार्च या काळात प्रवासी किनाऱ्यावर उतरतात; एका वेळी शंभरच जण, आणि पक्ष्यांपासून किमान पाच मीटर दूर. नारिंगी चोचीचा जेंटू पेंग्विन शेजाऱ्याच्या घरट्यातला खडा हळूच उचलतो, चालून चालून बर्फात पडलेल्या चराने आपल्या घरट्याकडे नेतो, आणि त्याच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाने बाजूला व्हायचे असते.

स्वालबार्डच्या आल्केफ्येलेट कड्यावर मात्र रबरी बोटीत बसून मान वर करावी लागते; तिथे गिलेमॉटच्या सुमारे साठ हजार जोड्या घरटे न बांधता उघड्या खडकावर एकेकच अंडे घालतात. माझ्या मते दोन्हींपैकी अधिक थरारक दृश्य इथलेच आहे. जुलैअखेरपासून जेमतेम तीन आठवड्यांची, उडता न येणारी पिल्ले कड्यावरून खाली झोकून देतात. ज्याची उडी तोकडी पडते ते कोल्ह्याच्या वाट्याला जाते. जे पाण्यात पडते त्याला बाप हाक मारून शोधतो, सोबत घेऊन खुल्या समुद्राकडे पोहत निघतो आणि पुढचे काही आठवडे तिथेच भरवतो.