सीटीचा डोस आणि फोटोतला नॉईज: आम्ही काय मोजतो, काय मोजत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सीटी सेंटरचे डॉक्टर आणि टेक्निशियन यांच्यासाठी

'फोटो दाणेदार येतोय, जरा बघा,' असा फोन आम्हाला नेहमी येतो. 'डोस जास्त जातोय का, जरा बघा,' असा फोन क्वचितच. नॉईज म्हणजे चित्रातला हा दाणेदारपणा, डोस म्हणजे पेशंटला जाणारं रेडिएशन. नॉईज डोळ्यांना दिसतो, डोस दिसत नाही. एमए, म्हणजे एक्स-रे ट्यूबचा करंट, वाढवला की नॉईज घटतो आणि डोस वाढतो. म्हणून एकदा वाढवलेला एमए पुन्हा खाली यायचं नाव घेत नाही. हे दोन्ही आकडे प्रत्येक पेशंटमागे आपोआप, शेजारी शेजारी दिसावेत, एवढ्यासाठी आमचं सॉफ्टवेअर आहे.

कन्सोलवरचा आकडा कुणाचा?

स्कॅन झाल्यावर कन्सोलवर सीटीडीआय आणि डीएलपी असे दोन आकडे येतात. सीटीडीआय म्हणजे मशीनने दिलेल्या डोसची तीव्रता, ती मिलिग्रे या एककात असते. तिला स्कॅनच्या लांबीने गुणलं की डीएलपी, म्हणजे सगळ्या स्कॅनचा मिळून डोस. पण तो सीटीडीआय तुमच्या पेशंटचा नसतो, अ‍ॅक्रिलिकच्या गोल फँटमचा, म्हणजे शरीराच्या जागी ठेवायच्या चाचणीच्या ठोकळ्याचा असतो. डोक्यासाठी 16 सेंटिमीटर व्यासाचा, पोटासाठी 32 चा.

आता बघा, गावची सडपातळ आजी आणि गणपतीला मुंबईहून आलेला तिचा अंगापिंडाने भरलेला मुलगा, दोघांच्या पोटाच्या स्कॅनला कन्सोलने 10 मिलिग्रे दाखवले. आजीचा व्यास 22 सेंटिमीटर धरला तर तिच्या शरीराला सुमारे 16.5 मिलिग्रे जातात. मुलाचा 36 धरला तर सुमारे 9.9. आकारानुसार करायच्या या दुरुस्तीचे तक्ते एएपीएम या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेने 2011 साली दिले. लहान मुलांच्या बाबतीत तर हा फरक आणखी मोठा होतो. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक स्लाइसमधून, म्हणजे चित्राच्या प्रत्येक कापातून, शरीराचा आकार काढून ही दुरुस्ती स्वतः करतं.

नव्या मशीन डोसचा रिपोर्ट डायकॉममधूनच (वैद्यकीय चित्रं आणि माहिती पाठवायची ठरलेली पद्धत) पाठवतात, तिथे काही अडत नाही. जुन्या मशीनवर डोसचं पान नुसत्या चित्राच्या रूपात येतं आणि त्यातले आकडे वाचून घ्यावे लागतात. इथे दशांश चिन्ह निसटतं, 8.4 चे 84 होतात. म्हणून आम्ही डीएलपीला सीटीडीआयने भागून पाहतो. 420 भागिले 8.4 म्हणजे 50 सेंटिमीटर, पोट-ओटीपोटाला जुळतं. 420 भागिले 84 म्हणजे 5 सेंटिमीटर. एवढंसं पोट कुणाचंच नसतं, सॉफ्टवेअर लगेच लाल खूण करतं.

नॉईज कसा मोजतो

हाताने मोजायचा तर लिव्हरवर एक गोल काढून एचयूचं (चित्रातल्या घनतेचं एकक) स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे किती विखुरलेत ते, बघायचं. पण गोल कुठे काढला त्यावर उत्तर बदलतं, आणि रोजच्या गर्दीत ते करणार कोण? सॉफ्टवेअर सगळ्या चित्रावर छोटे छोटे चौकोन फिरवतं, मऊ ऊतींचा 0 ते 100 एचयूचा भाग तेवढा ठेवतं आणि प्रत्येक चौकोनातलं डेव्हिएशन मांडतं. अवयवांच्या कडांवर आकडे फुगतात, पण ते थोडे असतात. जो आकडा सर्वांत जास्त वेळा येतो, तो त्या स्कॅनचा नॉईज.

नॉईज निम्मा करायचा तर डोस चौपट लागतो. एमए वाढवण्याआधी हे गणित टेक्निशियनच्या टेबलावर चिकटवून ठेवा. मुतखड्यासाठी केलेल्या स्कॅनमध्ये थोडा नॉईज चालतो, खडा पांढराशुभ्र उठून दिसतोच. लिव्हरमधली छोटी गाठ शोधताना तो चालत नाही. तरीही दोन्हीला एकच प्रोटोकॉल (स्कॅनची ठरलेली सेटिंग्ज) लावलेला आम्ही पुष्कळदा पाहिलाय.

स्लाइसची जाडी आणि कर्नल (चित्र किती धारदार किंवा मऊ करायचं ती सेटिंग) सारखे असतील तरच दोन स्कॅनची तुलना करा. 5 मिलिमीटरवरून 1 वर आलात तर त्याच डोसमध्ये नॉईज सव्वादोन पट होतो, त्यात मशीनचा काही दोष नाही.

एक अनुभव

एका सेंटरवर मशीन तेच, प्रोटोकॉल तोच, पण नॉईज दिवसागणिक वरखाली. ट्यूब बदलायची बोलणी सुरू झाली होती. आमच्या तक्त्यात पेशंटचा मध्य रोज आयसोसेंटरच्या (मशीनच्या गोलाचा मध्यबिंदू) खाली दिसत होता, कधी दोन तर कधी चार सेंटिमीटर. टेबल पुरेसं वर घेतलंच जात नव्हतं. स्काउट, म्हणजे स्कॅनआधीचं सपाट चित्र ज्यावरून मशीन एमए ठरवतं, ते घेताना ट्यूब वरच्या बाजूला असेल तर खाली राहिलेला पेशंट तिच्यापासून लांब पडतो, त्याची सावली लहान येते, मशीनला तो बारीक वाटतो आणि ते एमए कमी देतं. ट्यूब खालून असेल तर उलट, डोस फुकट वाढतो. टेबल नीट लावायला सांगितलं, ट्यूबचा खर्च वाचला. आमचं बिल त्या महिन्यात फारसं झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

काय मोजत नाही

नॉईजचा आकडा कमी आला म्हणजे निदान चांगलं होईल असं नाही. नव्या रीकन्स्ट्रक्शनमध्ये (मोजलेल्या माहितीतून चित्र बनवायची पद्धत) आकडा छान उतरतो, पण कधी कधी चित्र मेणचट होतं. तिथे रेडिओलॉजिस्टची नजरच खरी. एका पेशंटला पुढे किती धोका, हेही या आकड्यांवरून सांगू नका, पेशंटला तर नकोच. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियमाप्रमाणे दोन वर्षांतून एकदा होणाऱ्या क्यूए, म्हणजे मशीनच्या गुणवत्तेच्या, चाचणीला हा पर्याय नाही.

बसवताना

एक लहान कॉम्प्युटर तुमच्याच नेटवर्कवर बसतो. चित्रं सेंटरबाहेर जात नाहीत, आमच्याकडे तक्ता येतो तो नावं काढून. पावसात चार दिवस इंटरनेट गेलं तरी मोजणी चालू राहते. वीज गेली तर मात्र यूपीएस हवा, आणि हा कॉम्प्युटर सीटीच्या यूपीएसवर जोडू नका, वेगळा यूपीएस घ्या. आम्ही येण्याआधी मशीनचं मॉडेल, पॅक्सचा (चित्रं साठवणारी यंत्रणा) आयपी पत्ता आणि नेहमीच्या प्रोटोकॉलची यादी काढून ठेवा. यादी टेक्निशियनकडून घ्या. डॉक्टरांना वाटतो तो प्रोटोकॉल आणि प्रत्यक्ष चालतो तो, हे दोन वेगळे निघतात.