वीस हेक्टर ऊस आणि अख्ख्या गावाचं पाणी

हिवरेबाजारचं नाव निघालं की लोक चर, बंधारे आणि हिरव्या डोंगरांबद्दल बोलतात. ते सगळं खरंच आहे. पण मला या गावाचं सर्वांत मोठं काम वाटतं ते पावसाळा सरल्यावर ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद.

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातलं हे गाव पर्जन्यछायेत येतं. वर्षाचा पाऊस जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास. एके काळी डोंगर बोडके झाले होते, विहिरी आटल्या होत्या, माणसं मजुरीसाठी गाव सोडत होती. 1989-90 च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे आदर्श गाव योजनेतून डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. जनावरं डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्यानं कापून आणायचं. उतारावरून धावत सुटणारं पाणी चरात थांबू लागलं, मुरू लागलं आणि माती वाहून जायची थांबली.

पण मुरलेलं पाणी राहतं कुठे? त्या भागातल्या एखाद्या जुन्या विहिरीत डोकावून पाहा. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि तळाशी काळा पाषाण. हा दख्खनचा बेसाल्ट. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत, आणि ती जागा फार थोडी आहे: खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के. म्हणजे विहिरीची पातळी मीटरभर चढलेली दिसली, तरी आजूबाजूच्या खडकात साठलेल्या पाण्याचा थर दोनेक सेंटिमीटरचाच असतो. भरलेली विहीर पाहून जीव सुखावतो, आणि तिथेच माणूस फसतो.

आता एक ढोबळ हिशोब करू. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. गावाचं क्षेत्र साधारण 975 हेक्टर. 400 मिलिमीटर पावसातला दहावा भाग मुरला असं धरलं, तर जमिनीत गेलं जवळजवळ 39 कोटी लिटर. आकडा प्रचंड वाटतो. पण हेक्टरभर उसाला वर्षाकाठी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यातलं काही पाऊस स्वतःच देतो हे जमेस धरलं, तरी वीस-पंचवीस हेक्टर ऊस अख्ख्या गावाचं वर्षभराचं मुरलेलं पाणी पिऊन टाकेल. पाच-दहा शेतकऱ्यांचा ऊस उभा राहील आणि बाकीच्यांच्या विहिरी होळीच्या आधी तळ गाठतील.

म्हणून या गावानं ऊस नको म्हटलं, आणि शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई केली. बोअरचा नियम मला जास्त मोलाचा वाटतो. बोअर खोल भेगांना हात घालते आणि वरच्या मुरमातलं पाणी खाली ओढून घेते. एकानं पाचशे फूट खाली जायचं ठरवलं की शेजाऱ्याची चाळीस फुटी विहीर कोरडी पडते, मग शेजारीही कर्ज काढून मशीन बोलावतो. ही शर्यत महाराष्ट्रात गावोगाव चालू आहे आणि तिच्यात शेतकरी बुडतो आहे. राज्याचा भूजल अधिनियम 2009 चा. हिवरेबाजारनं हा निर्णय त्याच्या कितीतरी आधी, कायद्याची वाट न पाहता, ग्रामसभेत घेतला.

ताळेबंदाची रीत समजायला अवघड नाही. गावातच पर्जन्यमापक आहेत आणि विहिरींची पातळी मोजली जाते. पाऊस किती झाला, किती मुरला, साठा किती, हे मांडतात. त्यातून माणसांचं आणि गुराढोरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात. उरलेल्यावर रब्बी ठरते. पाऊस बरा झाला असेल तर गहू, कांदा, भाजीपाला. कमी झाला असेल तर जास्त पाण्याच्या पिकांखालचं क्षेत्र घटवायचं आणि ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं. स्वतःच्या विहिरीत पाणी दिसत असतानाही शेतकरी गहू कमी पेरतो, कारण त्या विहिरीखालचा मुरूम बांधापाशी संपत नाही हे त्याला त्या सभेत आकड्यांनिशी दिसलेलं असतं.