सर्व वाचण्याची मुभा : बॅकअप साठवणुकीतील अधिकार-दोषांची पार्श्वभूमी

एप्रिल २०२५मध्ये डेल कंपनीने आपल्या ‘पॉवरप्रोटेक्ट डेटा डोमेन’ या बॅकअप साठवणूक यंत्रणेतील एक सुरक्षा-दोष जाहीर केला. सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२५-२९९८७ या क्रमांकाने नोंदल्या गेलेल्या या दोषामुळे, यंत्रणेने विश्वासू मानलेल्या दूरच्या संगणकावरून रीतसर लॉगिन केलेल्या वापरकर्त्याला थेट रूटच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने, हव्या त्या आज्ञा चालवता येत होत्या. तीव्रतेच्या प्रचलित मोजपट्टीवर त्याला १० पैकी ८.८ गुण मिळाले. डीडी ओएस या तिच्या कार्यप्रणालीच्या ८.३.०.१५ या आवृत्तीत आणि जुन्या शाखांच्या सुधारित आवृत्त्यांत तो दुरुस्त करण्यात आला.

मुंबईतील बँका, विमा कंपन्या आणि दलाली पेढ्या यांच्या नोंदींची शेवटची प्रत अशाच प्रकारच्या यंत्रणांत असते. कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात असो वा नरिमन पॉइंटला, या प्रती साठवणारी यंत्रणा, म्हणजे पेटी, बहुधा ऐरोली-महापेकडच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असते. त्यामुळे ही सूचना नेहमीच्या पॅचच्या, म्हणजे सॉफ्टवेअर-दुरुस्त्यांच्या, यादीत एक ओळ म्हणून वाचून पुढे जाणे येथे परवडणारे नाही. या प्रकारात पासवर्ड फोडावा लागत नव्हता, भिंतही तोडावी लागत नव्हती. समोरचा कोण आहे, हे यंत्रणेने नीट ओळखले होते. त्याला काय करू द्यायचे, हे मात्र तिने पुरेशा बारकाईने तपासले नव्हते. चूक एका कंपनीच्या काही आवृत्त्यांतली असली, तरी तिच्यामागची समजूत फार जुनी आहे, आणि ती कशी घडत गेली हे पाहिल्याशिवाय असे दोष पुन्हा पुन्हा का सापडतात ते कळत नाही.

बॅकअप घेणाऱ्याला सर्व काही वाचता यावे लागते, ही या कामाची मूळ अट आहे. युनिक्स या कार्यप्रणालीत प्रत्येक फाइलला मालक असतो आणि परवानग्याही असतात. परंतु डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम फाइलच्या परवानग्या न विचारता थेट डिस्क वाचत असे, आणि त्यासाठी बीएसडी युनिक्समध्ये ‘ऑपरेटर’ नावाचा एक गटच ठेवलेला होता. १९९३मध्ये आलेल्या विंडोज एनटीने हीच सोय ‘बॅकअप ऑपरेटर्स’ या गटाच्या रूपाने दिली. या गटातील व्यक्तीला, फाइलवर कोणतेही निर्बंध असले तरी, बॅकअपच्या निमित्ताने ती वाचता येते. साल्ट्झर आणि श्रोडर या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी १९७५मध्येच मांडले होते की, प्रत्येक वापराच्या वेळी अधिकार तपासला जावा आणि प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार मिळावा. बॅकअप हा या दोन्ही तत्त्वांना केलेला कायमचा अपवाद ठरला. हा निष्काळजीपणा होता असे म्हणता येणार नाही. प्रत्येक मालकाची परवानगी मागत बसले असते, तर एका रात्रीत बॅकअप पुरा झालाच नसता.

या अपवादाला आवर घालणारी एक गोष्ट त्या काळी होती, ती म्हणजे प्रत साठवण्याची चुंबकीय फीत, टेप. दिवसाचे काम संपल्यावर डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याची प्रक्रिया, चालवायची, टेपवर प्रत घ्यायची, तिच्यावर तारखेची चिठ्ठी लावायची, एक संच अग्निरोधक कपाटात ठेवायचा आणि दुसरा गाडीने दुसऱ्या इमारतीत पाठवायचा, ही पद्धत मुंबईतील कार्यालयांत वर्षानुवर्षे चालली. टेप कपाटातून काढताना रजिस्टरमध्ये नोंद व्हायची आणि सही लागायची. संगणकावर कितीही अधिकार मिळवला, तरी दुसऱ्या इमारतीतल्या कपाटातील टेप कोणाला पुसता येत नसे. अधिकार तपासण्याचे जे काम सॉफ्टवेअरने सोडून दिले होते, ते असे किल्ली, रजिस्टर आणि अंतर मिळून करत होते. हे त्या वेळी कोणी सुरक्षेचे तत्त्व म्हणून लिहून ठेवले नाही, आणि म्हणूनच टेप गेल्यावर काय गेले हे लवकर लक्षात आले नाही.

टेपचे दोष मात्र उघड होते. २००५ हे वर्ष त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या सुमारे १२ लाख खात्यांची माहिती असलेल्या टेप वाहतुकीत हरवल्या, आणि काही महिन्यांनी सिटीफायनान्शियलच्या सुमारे ३९ लाख ग्राहकांच्या नोंदींच्या टेपचेही तेच झाले. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबईचे रस्ते व लोहमार्ग ठप्प झाले. दुसऱ्या इमारतीतली प्रत वेळेवर हाती येण्यासाठी गाडी चालू असावी लागते, आणि दोन्ही इमारती एकाच शहरात असतील तर दोन्ही एकाच पाण्यात सापडतात, हे या दिवसाने अगदी थेट दाखवले.

तोवर पर्याय तयार झाला होता. २००१मध्ये स्थापन झालेल्या डेटा डोमेन कंपनीने पुन्हा पुन्हा येणारा मजकूर एकदाच साठवण्याचे तंत्र वापरून डिस्कवरचा बॅकअप परवडण्याजोगा केला. २००९मध्ये ईएमसीने नेटॲपशी चढाओढ करून ही कंपनी घेतली आणि २०१६मध्ये ईएमसी स्वतः डेलकडे गेली. या तंत्रामुळे मुंबईतील पेटीतून दुसऱ्या शहरातील पेटीकडे रोजचा फरक तेवढा नेटवर्कवरून पाठवता येऊ लागला. गाडी, कपाट आणि रजिस्टर यांची गरज संपली. सर्व वाचण्याची मुभा तशीच राहिली, आणि तिच्या जोडीला सर्व पुसण्याची क्षमताही त्याच नेटवर्कवर येऊन बसली.

अशा पेट्यांशी बोलण्याच्या पद्धतीही विश्वासाच्या काळातल्या होत्या. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४मध्ये आणलेल्या एनएफएसच्या, म्हणजे नेटवर्कवरून फाइल वापरू देणाऱ्या पद्धतीच्या, नेहमीच्या मांडणीत, समोरचा संगणक सांगेल तो वापरकर्ता-क्रमांक सर्व्हर खरा मानतो. कोणत्या संगणकांना प्रवेश द्यायचा याची यादी हीच मुख्य राखण. बॅकअप सॉफ्टवेअरमध्येही बराच काळ हीच रीत होती. यादीत नाव असलेला सर्व्हर विश्वासू, आणि त्याच्याकडून येणारी मागणी योग्यच असणार, असे गृहीत धरले जाई.

या गृहीतकातला धोका नॉर्म हार्डी यांनी १९८८मध्ये एका छोट्या लेखात फार स्पष्टपणे दाखवला आहे. टाइमशेअर कंपनीच्या एका यंत्रणेवर कंपायलरला, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला, आकडेवारी नोंदवता यावी म्हणून यंत्रणेच्या राखीव जागेत लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. चुका शोधण्यासाठीची माहिती कंपायलर कोणत्या फाइलमध्ये लिहील, हे वापरणाऱ्याला सांगता येत असे. एका वापरकर्त्याने त्या जागी बिलांच्या फाइलचे नाव दिले आणि कंपायलरने बिलांची नोंद पुसून तिच्यावर आपला मजकूर लिहिला. वापरकर्त्याला त्या फाइलला हात लावण्याचा अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता, आणि आपण कोणाच्या अधिकाराने लिहीत आहोत हे त्याला सांगता येत नव्हते. बॅकअपचा सर्व्हर आणि त्यामागची पेटी यांची स्थिती नेमकी अशी आहे. ते शेकडो यंत्रांच्या वतीने, स्वतःच्या मोठ्या अधिकाराने काम करतात. मागणी कोणाची आणि तिची मर्यादा कोणती, हा हिशेब प्रत्येक पायरीवर सोबत गेला नाही, की साधा वापरकर्ता मोठा अधिकार वापरून घेतो.

हल्लेखोरांनी हे ओळखायला वेळ लागला, पण फार नाही. जून २०१४मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या ॲमेझॉनच्या क्लाउडवरील नियंत्रण-पटलात शिरलेल्या व्यक्तीने मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही पुसले, कारण दोन्हींची किल्ली एकच होती. ती कंपनी बंद पडली. जून २०१७मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, तेव्हा न्हावा-शेवा येथील जेएनपीटीतले टर्मिनलही अडले. मर्स्कचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे वापरकर्त्यांची ओळख आणि अधिकार सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांच्या प्रती ठेवत होते, त्यामुळे ते एकत्रच नष्ट झाले. घानामधला एक तेवढा वीज गेल्यामुळे बंद होता म्हणून वाचला. पुढे बॅकअप सॉफ्टवेअर हेच लक्ष्य झाले. व्हेरिटास कंपनीच्या बॅकअप एक्झेक या सॉफ्टवेअरच्या एजंटमध्ये, म्हणजे प्रत्येक यंत्रावर बसवायच्या भागात, वापरातून गेलेली एक जुनी ओळख-पद्धत तशीच राहून गेली होती. मार्च २०२१मध्ये तिच्यावर पॅच आला, तरी ऑक्टोबर २०२२मध्ये खंडणीखोर टोळीचा एक साथीदार तिचाच वापर करून आत शिरताना मँडियंट या सुरक्षा कंपनीला आढळला. वीम कंपनीच्या बॅकअप सॉफ्टवेअरमधील सीव्हीई-२०२३-२७५३२ या दोषातून, लॉगिन न करताही, बॅकअप सर्व्हरने जपून ठेवलेले इतर यंत्रांचे पासवर्ड मागवता येत होते. काटेकोरपणे पाहिले तर हा ओळखच न तपासण्याचा दोष आहे, अधिकाराचा नाही; पण त्याचे परिणाम इतके पसरले ते त्या सर्व्हरकडे सर्वांच्या किल्ल्या होत्या म्हणूनच. सोफोस या सुरक्षा कंपनीने २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, खंडणी-हल्ला सोसलेल्या संस्थांपैकी ९४ टक्के संस्थांनी आपल्या बॅकअपवरही घाला घालण्याचा प्रयत्न झाल्याचे सांगितले, आणि असे ५७ टक्के प्रयत्न यशस्वी ठरले होते.

यावर उद्योगाने दिलेले उत्तर म्हणजे मुदत संपेपर्यंत न पुसता येणारी प्रत. अशी सोय देणारी ईएमसीची सेंटेरा ही साठवणूक यंत्रणा २००२मध्ये आली, ॲमेझॉनने आपल्या क्लाउडमध्ये ऑब्जेक्ट लॉक २०१८मध्ये दिले, आणि डेटा डोमेनमध्ये रिटेन्शन लॉकच्या कडक प्रकारात काही आज्ञांना ॲडमिनखेरीज सुरक्षा अधिकाऱ्याचीही संमती लागते. यंत्राचे घड्याळ पुढे सरकवून मुदत संपवता येऊ नये, इतका विचार त्यात केलेला आहे. ही मला या संपूर्ण इतिहासातील सर्वांत चांगली सुधारणा वाटते, कारण रजिस्टरवरची दुसरी सही तिने पहिल्यांदाच यंत्रणेच्या आत आणली. तरीही ही संमती तपासते ते सॉफ्टवेअरच, आणि रूट मिळालेल्या व्यक्तीला त्या सॉफ्टवेअरच्या खालून काम करता येते. म्हणून रूटपर्यंत नेणारा अधिकार-दोष साध्या सर्व्हरमध्ये असणे आणि बॅकअपच्या पेटीत असणे यांत मोठा फरक आहे.

तीव्रतेच्या गुणांत हा फरक दिसत नाही. इतर सर्व बाबी तशाच राहून लॉगिनची गरजच नसती, तर डेलच्या या दोषाला ९.८ गुण मिळाले असते. साधे का होईना, लॉगिन लागते म्हणून ते ८.८ झाले. परंतु बॅकअपच्या रचनेत हे साधे लॉगिन डेटाबेस सर्व्हर, मेल सर्व्हर, फाइल सर्व्हर अशा अनेक यंत्रांच्या सेटिंगमध्ये लिहिलेले असते, आणि त्यांतले एक हाती आले तरी पुरते. या मोजपट्टीत स्थानिक परिस्थितीनुसार गुण बदलण्याची तरतूद आहे. शेवटची प्रत सांभाळणाऱ्या यंत्रणेसाठी ती प्रत्येक संस्थेने वापरलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नियमांची चौकट आता बऱ्यापैकी उभी आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेवरील घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या ७ नोव्हेंबर २०२३च्या, १ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या निर्देशांत बॅकअप ठराविक काळाने रिस्टोअर करून पाहणे आणि त्याचे अनधिकृत वापरापासून रक्षण करणे या दोन्ही गोष्टी आहेत. रूट मिळवणाऱ्याला पेटीतले लॉग पुसता येतात. तेव्हा ते घडतानाच दुसऱ्या यंत्रावर पाठवले जात नसतील, तर १८० दिवसांची अट कागदावरच राहते.

प्रत्यक्ष दुरुस्तीतली खरी अडचण वेळेची असते. रात्री बॅकअपसाठी राखलेली वेळ, पहाटे दुसऱ्या शहराकडे प्रतिकृती, सकाळी बाजार उघडण्याची घाई, यांतून पेटी बंद ठेवायला जागा काढावी लागते. शिवाय प्रतिकृती घेणारी पेटी आधी आणि पाठवणारी नंतर, असा अपग्रेडचा क्रम सांभाळावा लागतो, म्हणजे दोन शहरांतले, बदलाची परवानगी मागणारे दोन अर्ज एकमेकांवर अवलंबून राहतात. तोवरच्या काळात पेटीच्या व्यवस्थापनाचे नेटवर्क वेगळे ठेवणे, विश्वासू संगणकांची यादी आजच्या गरजेपुरती छाटणे, प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र लॉगिन देणे आणि जुने पासवर्ड बदलणे ही कामे पॅचची वाट न पाहता करता येतात. यांतले यादी छाटण्याचे काम पॅच लागल्यानंतरही उरते, कारण नवी आवृत्ती दोष बंद करते, पण पूर्वी बंद केलेल्या सर्व्हरची नावे आणि त्यांना दिलेला विश्वास जुन्या सेटिंगमधून जसाच्या तसा पुढे आणते.