बॅकस्टेजचं बॅकएंड प्लगिन

बॅकएंड प्लगिन म्हणजे कंपनीच्या आतल्या डेव्हलपर पोर्टलच्या (इंजिनिअरांना लागणारी माहिती एका जागी दाखवणाऱ्या साइटच्या) सर्व्हरवर चालणारा कोडचा एक स्वतंत्र तुकडा, ज्याला स्वतःचा यूआरएल, स्वतःचा डेटाबेस आणि स्वतःचा लॉगर (काय घडलं त्याची नोंद ठेवणारा) मिळतो. पोर्टलं बरीच आहेत पण या नोंदीत बॅकस्टेज धरलंय. ते मुळात स्पॉटिफायने स्वतःच्या इंजिनिअरांसाठी बनवलेलं, मार्च २०२० मध्ये अपाची लायसन्सखाली ओपन सोर्स केलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते सीएनसीएफ या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे पहिल्या पायरीवर, गेलं आणि मार्च २०२२ मध्ये इनक्युबेटिंग या पुढच्या पायरीला पोचलं. पुढची बाजू रिअ‍ॅक्टमध्ये, मागची नोड-जेएसवर, दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट.

आधी बघायचं की प्लगिन खरंच लागतंय का, कारण निम्म्या वेळा लागत नाही. दुसऱ्या एखाद्या एपीआयला टोकन (ओळखीची किल्ली) लावून रिक्वेस्ट पुढे ढकलायची एवढंच काम असेल तर बॅकस्टेजचा तयार प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, आहे, अ‍ॅप-कॉन्फिगच्या यामल फाइलमध्ये चार ओळी टाकल्या की झालं. स्वतःचा डेटा साठवायचाय, ठरावीक वेळाने काहीतरी तपासायचंय, चार ठिकाणची माहिती एकत्र करायचीय किंवा कोणाला काय दिसावं हे सर्व्हरवर ठरवायचंय, तेव्हा मात्र बॅकएंड प्लगिनला पर्याय नाही. फ्रंटएंड ब्राउझरमध्ये चालतं, तिथे सिक्रेट ठेवलं म्हणजे ते सिक्रेट राहिलंच नाही.

उदाहरण म्हणून असं धरू की कॅटलॉगमधल्या, म्हणजे कंपनीतल्या सॉफ्टवेअरच्या यादीतल्या, प्रत्येक सर्व्हिसचं टीएलएस सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारं, मुदत असलेलं) कधी संपतंय ते पोर्टलवर दाखवायचंय. रेपोच्या रूटमध्ये, म्हणजे कोडच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, 'यार्न न्यू' ही कमांड मारायची, यादीतून बॅकएंड प्लगिन निवडायचं, आयडी विचारतो तिथे 'सर्ट' द्यायचं. प्लगिन्स फोल्डरमध्ये 'सर्ट-बॅकएंड' तयार होतं आणि मुख्य बॅकएंडच्या इंडेक्स फाइलमध्ये 'बॅकएंड डॉट अ‍ॅड' अशी एक ओळ आपोआप पडते. जुन्या पद्धतीत हे सगळं हाताने जोडावं लागायचं, म्हणजे एक वेगळी फाइल, त्यात राउटर (कोणत्या पाथला कोणता कोड ते ठरवणारा), मग एन्व्हायर्नमेंट बनवा, मग राउटरला पाथ द्या, आणि प्रत्येक कंपनीत ती जोडणी थोडी वेगळी, त्यामुळे अपग्रेड करताना जीव जायचा. नवीन बॅकएंड सिस्टीम त्यासाठीच आली, २०२४ मध्ये तिचं १.० झालं. तयार होणाऱ्या कोडमध्ये एक नमुन्याची टू-डू यादी असते, ती शिकायला बरी आहे पण काढायची विसरू नका, प्रॉडक्शनपर्यंत (खऱ्या वापराच्या सर्व्हरपर्यंत) गेलेली पाहिलीय.

मुख्य फाइल लहानशी असते. 'क्रिएट बॅकएंड प्लगिन' या फंक्शनला आयडी द्यायचा आणि रजिस्टरमध्ये सांगायचं की मला काय काय हवंय: लॉगर, एचटीटीपी राउटर, डेटाबेस, शेड्युलर वगैरे. या कोअर सर्व्हिसेस. आपण कुठलीच बनवायची नाही, नुसती मागायची, सुरू होताना फ्रेमवर्क त्या हातात देतं. मग इनिट फंक्शनमध्ये एक्सप्रेस या नोडच्या वेब लायब्ररीचा राउटर बनवून एचटीटीपी राउटरला दिला की तो '/एपीआय/सर्ट' खाली उभा राहतो. लोकल पोर्ट ७००७. आधी ७००० होता, पण मॅकओएस मॉन्टेरेमध्ये एअरप्लेने ७००० अडवला म्हणून बदलावा लागला, जुने लेख वाचताना हे लक्षात ठेवायचं.

पहिल्याच दिवशी सगळे एका जागी अडकतात. प्लगिन चालू, लॉगमध्ये एरर नाही, आणि कर्ल (टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) मारलं की ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. कोड बरोबर असतो. नव्या सिस्टीममध्ये प्रत्येक राउट मुळातच बंद असतो, ओळख पटल्याशिवाय आत सोडत नाही. हेल्थ चेकसारखा एखादा पाथ उघडा ठेवायचा असेल तर तेवढ्यापुरती ऑथ पॉलिसी लावून 'अनऑथेंटिकेटेड' ला परवानगी द्यायची. वैतागून अख्खं प्लगिन उघडं करणारे असतात, ते करू नये, कारण ते नंतर परत बंद करायला कोणी येत नाही.

डेटाबेसचं थोडं खोलात. प्रत्येक प्लगिनला नेक्स या लायब्ररीमार्फत आपापला वेगळा डेटाबेस मिळतो, पोस्टग्रेसमध्ये त्याचं नाव 'बॅकस्टेज_प्लगिन_सर्ट' असं पडतं. लॅपटॉपवर डिफॉल्ट एसक्यूलाइट, तीही मेमरीत, त्यामुळे कंट्रोल-सी मारून परत चालू केलं की टेबलं कोरी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खरा घोळ मायग्रेशनचा. टेबल बनवणाऱ्या फाइली मायग्रेशन्स नावाच्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फोल्डर पॅकेज-जेसनच्या 'फाइल्स' यादीत लिहावं लागतं, नाहीतर बिल्डमध्ये ते येतच नाही. मी एकदा विसरलो. लॅपटॉपवर सगळं छान, टेस्ट हिरव्या, पीआर (कोडबदलाची विनंती) मर्ज, आणि स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) पॉड, म्हणजे बॅकएंडची चालू प्रत, सारखा पडतोय, लॉगमध्ये म्हणे फोल्डर सापडत नाही. आणि एक प्लगिन सुरू होताना आपटलं की डिफॉल्टने अख्खं बॅकएंड सुरू होत नाही, म्हणजे माझ्या सर्टिफिकेटच्या पानापायी कॅटलॉग, डॉक्युमेंटेशन, सगळंच स्टेजिंगवर झोपलं. दोन तास गेले, दुरुस्ती एका ओळीची. आता अमुक प्लगिन पडलं तरी बाकीचं चालू दे असं कॉन्फिगमध्ये सांगता येतं.

शेजाऱ्यांशी वागायचा नियम कडक आहे. सर्ट प्लगिनला कॅटलॉगमधल्या सर्व्हिसेसची यादी हवीय तर दारावर जाऊन वाटी मागायची, परस्पर त्यांच्या डब्यात हात घालायचा नाही. म्हणजे कॅटलॉगचा कोड थेट इम्पोर्ट करायचा नाही, त्याच्या टेबलवर क्वेरी मारायची नाही, फक्त एचटीटीपीवरून बोलायचं. पत्ता डिस्कव्हरी सर्व्हिस देते आणि टोकन ऑथ सर्व्हिसकडून घ्यायचं, त्यात आपण कोणत्या युजरच्या वतीने विचारतोय तेही जातं. एकाच प्रोसेसमध्ये चालणाऱ्या दोन तुकड्यांनी नेटवर्कवरून बोलायचं हे सुरुवातीला उगाच वाटतं, पण उद्या लोड वाढला आणि एखादं प्लगिन वेगळ्या सर्व्हरवर हलवलं तर कोड बदलावा लागत नाही. दुसऱ्याच्या प्लगिनमध्ये भर घालायची असेल तर त्याने ठेवलेल्या एक्स्टेंशन पॉइंटला लागणारं मॉड्यूल लिहायचं, हा वेगळा प्रकार.

आता तपासणी. दर ६ तासांनी सर्टिफिकेटं बघायची तर सेट-इंटरव्हल (जावास्क्रिप्टचा साधा टायमर) वापरायचा मोह होतो. प्रॉडक्शनवर ३ पॉड असतील तर तिन्ही तपासणार आणि चॅनलवर तोच इशारा तीनदा पडणार. शेड्युलर सर्व्हिस डेटाबेसमार्फत पॉडांमध्ये ताळमेळ ठेवते, एका वेळी एकच पॉड काम उचलतो. तिला आयडी, किती वेळाने, आणि टाइमआउट एवढं द्यायचं. याच कारणाने प्लगिनच्या व्हेरिएबलमध्ये काही साठवून ठेवू नये, पुढची रिक्वेस्ट त्याच पॉडवर येईल याची खात्री नसते.

टेस्टसाठी 'स्टार्ट टेस्ट बॅकएंड' आहे, खोट्या सर्व्हिसेस देऊन प्लगिन एकटं उभं करता येतं, पूर्ण पोर्टल चालवायची गरज नाही.

आणि आयडी नीट विचार करून ठेवा. पाथ, डेटाबेसचं नाव, कॉन्फिग, सगळं त्याला बांधलेलं असतं. सहा महिन्यांनी कोणाला तरी 'सर्ट' ऐवजी 'सर्टिफिकेट' बरं वाटलं आणि बदललं, तर प्लगिन बिनतक्रार सुरू होतं, फक्त एका नव्या, रिकाम्या डेटाबेसवर. जुना डेटा तिथेच शेजारी पडून असतो आणि फ्रंटएंड जुन्या पत्त्यावर ४०४ खात बसतं.