उंदराचा पहिला घास

पिंजऱ्यात गरमागरम भजं लावलं तरी मोठा उंदीर पहिल्या रात्री सहसा आत शिरत नाही. रोजच्या वाटेवर ही नवी वस्तू कुठून आली, म्हणून तो वळसा घालून जातो. घरातली जुनी माणसं सांगतात, पिंजरा लावल्याचं मोठ्यानं बोलू नका, त्याला ऐकू जातं. ऐकू जात असेल-नसेल, पण नव्याची धास्ती त्याच्या अंगात मुरलेली असते, आणि तिला सबळ कारण आहे. उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं विष बाहेर टाकायची सोयच नाही. म्हणून अनोळखी खाणं दिसलं की तो जरासं कुरतडतो आणि थांबतो. पोट बिघडलं तर त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. झटपट मारणारी विषं त्याच्यापुढे फसतात ती यामुळेच. आताची बरीच औषधं रक्त गोठू देत नाहीत आणि काही दिवसांनी जीव घेतात. तोवर कशानं झालं हे त्याला उमगत नाही.

पण तो कुरतडतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रेशीमकिड्याला तुतीचं पान पुरतं, त्याला नव्याची गरजच नाही. उंदीर आणि माणूस मिळेल ते खाणारे. नुसती भीती असती तर जुनं अन्न संपताच ते उपाशी मेले असते. नुसतं कुतूहल असतं तर पहिल्याच विषारी फळानं गेले असते. तोंड लावायचं हे कुतूहल ठरवतं, घास केवढा घ्यायचा हे भीती.

माणसातही ही जोडी दिसते. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 45 जणांना एक कॉम्प्युटर गेम दिला होता. दगडाखाली साप आहे का याचा अंदाज सांगायचा, मग दगड उलटायचा, खाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका. डोळ्यांतल्या बाहुल्या किती विस्फारतात, घाम किती येतो, हे मोजलं. झटका नक्की बसणार हे माहीत असताना जेवढा ताण आला, त्याहून अधिक ताण शक्यता अर्धी-अर्धी असताना आला. शिवाय ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका चढत-उतरत होता, त्यांचे साप ओळखण्याचे अंदाज जास्त बरोबर आले. म्हणजे ती धडधड कामाची होती.

त्याच वर्षी क्रिस्टोफर सी आणि बोवेन रुआन या संशोधकांनी वाट बघत बसलेल्या लोकांसमोर पेनं ठेवली. काही झटका देणारी, काही साधी, काहींचा भरवसा नाही. लोकांनी सर्वांत जास्त दाबून पाहिली ती भरवसा नसलेली. मिळणार काहीच नव्हतं, तरी हात तिकडेच जात होता.

रांगतं मूल हाती येईल ते तोंडात घालतं. तेच मूल दोनेक वर्षांचं झालं की ताटातल्या अनोळखी भाजीला तोंड फिरवतं. आई वैतागते, पण ते पाय फुटायचं वय आहे. मोठ्यांच्या नजरेआड जाणाऱ्या पोरानं दिसेल ते खाऊ नये म्हणून ही धास्ती आली असावी, असा तर्क आहे. कारलं एकदा थुंकलं म्हणून सोडून देऊ नये. बळजबरी न करता आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा, चिमूटभर चाखायला दिलं की बरीच मुलं ते खाऊ लागतात.

उंदरांची याहून जवळची वाट मानसशास्त्रज्ञ बेनेट गॅलेफ यांनी शोधली. कोको किंवा दालचिनीचं खाणं खाऊन आलेल्या सोबत्याचं तोंड उंदीर हुंगतो आणि नंतर तेच खाणं पसंत करतो. नुसता वास पुरत नाही. सोबत्याच्या श्वासातलं कार्बन डायसल्फाइड नावाचं रसायनही त्यासोबत लागतं. आपली मुलं तोंड हुंगत नाहीत, पण समोरचं मोठं माणूस तोच पदार्थ खात असेल, तर तीही लवकर हात पुढे करतात.