टेक्सासमध्ये कुंपणाच्या आतली हरणांची शिकार: लायसन्स कुणाला, कागदपत्रं कोणती?

रँच खासगी, भोवती उंच जाळीचं कुंपण, आणि बुकिंगचे पैसे आधीच भरलेले. मग वर सरकारी लायसन्स कशाला? ह्यूस्टन-डॅलसकडे राहणारे मराठी लोक पहिल्यांदा शिकारीला निघाले की हा प्रश्न हमखास विचारतात. जमीन मालकाची असली तरी व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं, हरीण राज्याचं असतं. टेक्सासच्या कायद्यात वन्यप्राणी ही जनतेची मालमत्ता आहे. जमीनमालकाने हव्या तेवढ्या उंचीचं कुंपण घालावं, याला तोच कायदा आडकाठी करत नाही; पण कुंपण घातल्याने आतलं हरीण त्याचं होत नाही. हा कारभार टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंटकडे आहे. त्यांचे गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात का ते पाहणारे अधिकारी, खासगी रँचवरही तपासणीला येऊ शकतात.

लायसन्स खात्याच्या वेबसाइटवर किंवा शिकार-मासेमारीचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांत मिळतं. वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. रहिवाशाला २५ डॉलर, बाहेरच्याला ३१५. रहिवासी म्हणजे अर्जाआधी सलग सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्सासमध्ये राहिलेली व्यक्ती. नागरिकत्वाची अट नाही. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी नंबर हाताशी ठेवा. रहिवासाचा पुरावा मागितला तर सहा महिन्यांची वीजबिलं, पगाराच्या पावत्या, टॅक्स रिटर्न, गाडीचं रजिस्ट्रेशन असे कागद चालतात. सतरा वर्षांखालच्या मुलांनाही स्वतंत्र लायसन्स लागतं, त्याची फी ७ डॉलर. फी अधूनमधून बदलते, म्हणून भरण्याआधी वेबसाइटवर पाहून घ्या.

२ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे. सतरा पूर्ण झालेल्यांना तो घरबसल्या ऑनलाइन करता येतो. वेळच नसेल तर १० डॉलर भरून एकदाच मुदतवाढ मिळते, पण मग कोर्स केलेला किंवा त्यातून सूट असलेला लायसन्सधारक शिकारी हाकेच्या अंतरावर सोबत हवा. माझं मत विचाराल तर मुदतवाढीच्या भानगडीत न पडता कोर्सच करा. बंदूक हातात धरण्याआधी तेवढं वाचन झालेलं बरं.

आता व्हिसावाल्यांनी नीट वाचावं असा भाग. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा व्हिसावर अमेरिकेत आलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. या बंदीला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं वैध हंटिंग लायसन्स. ‘रँचवर गाइडचीच बंदूक वापरायची आहे, आपली थोडीच आहे’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. उसनी बंदूक हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच. त्यामुळे लायसन्स आधी आणि बंदुकीला हात नंतर. नवरा-बायको दोघं जाणार असतील तर प्रत्येकाचं वेगळं. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही, शिकारीचं लायसन्स मात्र त्यांनाही लागतंच.

व्हाइटटेलचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. हरीण पडलं की लायसन्ससोबत मिळालेला टॅग, म्हणजे हरणाला लावायची चिठ्ठी, तिच्यावरची त्या दिवसाची तारीख कापून लगेच लावायचा. रँच जर राज्याच्या मॅनेज्ड लँड्स डिअर प्रोग्रॅम या हरीण-व्यवस्थापन योजनेत असेल तर तुमचा टॅग वापरायचा नाही. रँचला मिळालेले टॅग लागतात आणि हंगामही वेगळा असतो. बुकिंग करतानाच हे विचारा.

रँचच्या दरपत्रकात चितळ, काळवीट आणि नीलगाय दिसली तर दचकू नका. चितळ टेक्सासमध्ये १९३२ साली आणलं गेलं, तिथे त्याला ‘अ‍ॅक्सिस डिअर’ म्हणतात. हे तिन्ही प्राणी तिथे ‘एक्झॉटिक’, म्हणजे बाहेरून आणलेले, गणले जातात: राज्याचा हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, टॅग नाही. लायसन्स आणि मालकाची परवानगी मात्र लागते. कॅलिफोर्नियाहून पाहुणे येणार असतील तर त्यांना यासाठी ४८ डॉलरचं पाच दिवसांचं लायसन्स पुरतं. त्यावर व्हाइटटेल मारता येत नाही. आणि शिंगं आठवण म्हणून पुण्याला नेण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. भारतात चितळ आणि काळवीट संरक्षित आहेत.

रँच विकत घेऊन पैसे घेऊन शिकार करू देणार असाल तर हंटिंग लीज लायसन्स काढावं लागतं: ५०० एकरांखाली ७९ डॉलर, ९९९ एकरांपर्यंत १४७, त्यापुढे २५२. व्हाइटटेल पाळून त्यांची पैदास करायची असेल तर डिअर ब्रीडर परमिट, म्हणजे वेगळंच प्रकरण. किमान सात फुटी कुंपण, जागेचा नकाशा, वन्यजीव तज्ज्ञाची तपासणी, प्रत्येक हरणाची ओळखखूण आणि नोंद. या बंदिस्त जागेत शिकार करता येत नाही. हरीण आधी मान्यताप्राप्त, उंच कुंपणाच्या मोठ्या जागेत सोडावं लागतं. पिंजऱ्यातल्या हरणावर गोळी झाडण्याला शिकार म्हणावं असं मलाही वाटत नाही.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदू पोखरणारा रोग टेक्सासमध्ये २०१२ मध्ये रानातल्या आणि २०१५ मध्ये पाळीव कळपातल्या हरणांत सापडला. तेव्हापासून ब्रीडरना चाचण्यांचे नियम कडक झाले. बाधित भागांतून मारलेल्या हरणाचं डोकं, पाठीचा कणा वगैरे हलवण्यावरही निर्बंध आहेत. तुमच्या रँचचा भाग त्यात येतो का, ते खात्याच्या नकाशावर निघण्याआधी पाहून घ्या.