रिस्टोअर अडकलं तर आधी लॉग काढा, रीस्टार्ट नंतर

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा आणि मकरपुरा जीआयडीसीतल्या आपल्या मराठी ग्राहकांसाठी, रिस्टोअर म्हणजे बॅकअपवरून मशीन परत उभं करणं अडलं तर काय करायचं ते. गुजराती पत्रक वेगळं आहे, ऑफिसातून मागून घ्या.

आमच्याकडे जे फोन येतात त्यातल्या बऱ्याच फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो रिस्टोअर फेल झालं, दोनदा सर्व्हर बंद-चालू करून पाहिला तरी तेच येतंय." आम्ही विचारतो लॉग काढलात का, तर तिकडून व्हॉट्सॲपवर फोटो येतो. तिरका काढलेला, स्क्रीनवर ट्यूबलाईट चमकतेय आणि मधोमध लाल अक्षरात एक ओळ, जॉब फेल्ड. आता एवढं तर तुम्ही फोनवर सांगितलंच होतं ना.

बॅकअप काय, व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरवर चालणारा सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर) काय हे इथे फार सांगत बसत नाही, टॅली एका मशीनवर, डोमेन (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारं) दुसऱ्यावर, हे तुम्हाला माहीत आहे, बहुतेकांचं तर आम्हीच बसवून दिलंय. फक्त लॉग आणि ट्रेसमधे गोंधळ होतो म्हणून तेवढं सांगतो. लॉग म्हणजे आपला रोजमेळ समजा. सॉफ्टवेअर स्वतःहून लिहीत असतं, किती वाजता काय सुरू केलं, कुठे जोडलं, कुठे अडलं. ट्रेस म्हणजे प्रत्येक पावतीची झेरॉक्स, सॉफ्टवेअरने आत कोणाला काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते सगळं. ट्रेस आपोआप चालू नसतो, चालू करावा लागतो, आणि चालू करायच्या आधी जे घडून गेलं ते त्यात सापडत नाही. त्यामुळे "काल फेल झालं, आज ट्रेस चालू केलाय, बघा ना" याचा काही उपयोग नाही हो. ट्रेस चालू करायचा, तोच रिस्टोअर पुन्हा चालवायचा, अडू द्यायचा, फाइल काढायची आणि ट्रेस बंद करायचा. ते बंद करायचं लोक हमखास विसरतात. एका ठिकाणी ट्रेस तीन महिने तसाच चालू होता, सी ड्राइव्ह भरला, आणि आम्हाला बोलावलं ते सर्व्हर स्लो झाला म्हणून!

आता मुख्य गोष्ट, जिच्यात तुमचे आणि आमचे सगळ्यात जास्त तास जातात. रीस्टार्ट.

घरच्या कॉम्प्युटरला रीस्टार्ट चालतो, इथे त्याने पुरावाच पुसला जातो. ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे व्हीएमवेअरचा तो मुख्य सर्व्हर ज्यावर ही सगळी मशीनं चालतात, तो पेनड्राइव्हवरून किंवा एसडी कार्डवरून बूट होत असेल आणि लॉग दुसरीकडे पाठवायची सोय केलेली नसेल तर होस्टचे लॉग रॅममधे असतात, होस्ट बंद केला की गेले. प्रत्येक मशीनच्या फोल्डरमधे व्हीएमवेअर डॉट लॉग असतो, मशीन बंद करून चालू केलं की नवीन फाइल सुरू होते आणि जुन्यांपैकी ठराविकच शिल्लक राहतात, म्हणजे चिडून दहा-बारा वेळा बंद-चालू केलं तर पहिल्या वेळी काय झालं ते कायमचं गेलं. विंडोजवाल्यांचं वेगळं दुखणं, बॅकअप घेताना व्हीएसएस रायटर (बॅकअपआधी डेटा नीट स्थितीत आणणारा विंडोजचा भाग) अडकला असेल तर व्हीएसएस-ॲडमिन लिस्ट रायटर्स ही कमांड दिल्यावर कोणता रायटर फेल्ड आहे ते सरळ दिसतं, पण रीस्टार्टनंतर बहुतेक वेळा सगळे परत स्टेबल दिसतात आणि आम्ही बसतो अंधारात चाचपडत.

पुन्हा पुन्हा रिट्राय दाबणं हाही त्याचाच भाऊ. कधीकधी अर्धवट उतरलेल्या मशीनची कॉपी डेटास्टोअरवर (होस्टची मशीनं ठेवायची जागा) तशीच पडून राहते, अशा तीन कॉपी साठल्या की चौथा प्रयत्न जागा नाही म्हणून फेल होतो, आणि तुम्ही आम्हाला नेमका तो चौथा एरर पाठवता. मग आम्ही जागा मोकळी करत बसतो आणि मूळ आजार तसाच.

एक किस्सा सांगतो, नाव घेत नाही. नवरात्रात रात्री अकरा-साडेअकराला फोन, टॅलीचं मशीन रिस्टोअर होत नाही, दर वेळी मधेच तुटतंय. गरब्याच्या गर्दीतून कसाबसा पोचलो. तोवर त्यांच्या माणसाने होस्ट तीनदा रीस्टार्ट केलेला, वर बॅकअपचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलेलं. नशीब की होस्ट हार्डडिस्कवर होता, लॉग शाबूत. बॅकअप सर्व्हर म्हणत होता कनेक्शन 23:10 ला तुटलं, होस्टच्या लॉगमधे 23:10 ला काहीच नाही. त्यांचा माणूस म्हणाला बघा, होस्ट ठीक आहे, बॅकअपमधेच खोट आहे. पण ईएसएक्सआयचे लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून बघायचं होतं 17:40 ला. तिथे स्वच्छ लिहिलेलं, नेटवर्कची लिंक डाउन, थोड्या वेळाने अप. प्रत्येक फेल्युअरला तेच. सर्व्हर यूपीएसवर होता पण नेटवर्कचा स्विच साध्या प्लगमधे, लाइट गेली की जनरेटर येईपर्यंत स्विच बंद, आणि त्या रात्री लाइट सारखी जात होती. स्विचही यूपीएसवर घ्यायचा, चारशे रुपयांच्या वायरचं काम. सॉफ्टवेअर बिचारं फुकट बदनाम झालं.

तर फेल झालं की हात मागे घ्या आणि घड्याळ बघा, वेळ कागदावर लिहा. वीम हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर वरच्या मेनूत हेल्प आणि त्यात सपोर्ट इन्फॉर्मेशन, तिथे जॉब निवडा, दिवस निवडा, झिप तयार होते. नाहीच जमलं तर सी ड्राइव्हमधे प्रोग्रामडेटा नावाचं लपलेलं फोल्डर असतं, त्यात वीम आणि त्यात बॅकअप, ते पूर्ण कॉपी करा, हलवू नका, कॉपी. ईएसएक्सआय होस्टचे लॉग गोळा करायला व्हीएम-सपोर्ट कमांड आहे, तिला वेळ लागतो, चालू राहू द्या. होस्टवर ईएसएक्सआयऐवजी मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधून हायपर-व्हीचे व्हीएमएमएस आणि वर्कर हे दोन लॉग सेव्ह करा, सोबत सिस्टीम आणि ॲप्लिकेशन. हे शेवटचे दोन मुळात 20 एमबीचेच असतात, भरले की जुनं पुसून वर नवीन लिहितात, म्हणून आठवड्याने नको, त्याच दिवशी. सगळं धरून बहुतेकांकडे अर्ध्या तासात होतं.

स्वतः वाचायची हौस असेल तर जरूर वाचा, फक्त शेवटच्या एररवर थांबू नका. शेवटची ओळ म्हणजे रडणं, मार कुठे बसला ते वर असतं. त्या वेळेपासून वर सरकत पहिली वॉर्निंग शोधा. आणि रिस्टोअर सक्सेस दाखवतंय पण मशीन बूट होत नाही, अशा वेळी बॅकअपच्या लॉगमधे फारसं काही मिळणार नाही, तिथे मशीनचं फर्मवेअर (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) बायोस होतं की यूईएफआय, डिस्कचा कंट्रोलर बदलला का, हे बघावं लागतं.

लॉग पाठवायला काही लोक घाबरतात, आमचा डेटा बाहेर जाईल म्हणून. शंका बरोबर आहे, उगाच हसण्यावारी नेत नाही. लॉगमधे तुमची बिलं किंवा टॅलीच्या एन्ट्री नसतात, पण सर्व्हरची नावं, आयपी, युजरची नावं, फोल्डरचे पत्ते असतात, ट्रेसमधे त्याहून जास्त. म्हणून झिपला पासवर्ड लावा, पासवर्ड फोनवर सांगा, आणि आमच्या सहा जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. काम झालं की आम्ही फाइल डिलीट करतो. मेमरी डम्प, म्हणजे रॅममधे जे होतं त्याची पूर्ण कॉपी, आम्ही स्वतः मागितल्याशिवाय पाठवूच नका, त्यात काहीही असू शकतं.

राहिला तक्रारीचा विषय, की तुम्ही लगेच येत नाही, आधी लॉग मागता. हो, मागतो. लॉग आधी बघितले तर बरंच काम ऑफिसातूनच उरकतं आणि तुमचा व्हिजिट चार्ज वाचतो. लॉग नसतील तर आम्ही येऊन परत फेल होण्याची वाट बघत बसतो, आणि त्या तासांचंही बिल लागतं, ते मग कुणालाच आवडत नाही. 2024 च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा एकाच आठवड्यात सगळ्यांना रिस्टोअर हवं होतं, ज्यांनी लॉग पाठवले त्यांचं आम्ही बसल्या जागी बघू शकलो, बाकीच्यांना रस्ते मोकळे होईपर्यंत थांबावं लागलं.

एएमसीवाल्यांना (वार्षिक देखभालीचा करार असलेल्यांना) यातलं फारसं करावं लागत नाही. त्यांच्या होस्टचे लॉग आम्ही एका वेगळ्या छोट्या मशीनवर वळवून ठेवतो, सगळ्यांची घड्याळं एका वेळेवर आणतो, आणि दर तीन महिन्यांनी एक मशीन वेगळ्या नेटवर्कवर खरंच रिस्टोअर करून दाखवतो, तुमच्या समोर. ज्यांच्याकडे एएमसी नाही त्यांनाही फक्त लॉग वळवून हवे असतील तर सांगा, एका दुपारचं काम आहे.

आणि फोटोच पाठवायचा असेल तर निदान खाली कोपऱ्यातलं घड्याळ येईल असा काढा.